पाच वाजताची सिगरेट

दिवसाला तीन सिगरेटी ओढणाऱ्या माणसाला कुणी आपलं म्हणत नाही. न ओढणारे त्याला व्यसनी समजतात आणि ओढणारे त्याला मोजत नाहीत. दोन पाकिटं संपवणाऱ्याची लोक काळजी करतात, त्याच्या खोकल्याची चौकशी करतात, त्याने सोडायचं ठरवलं तर घरात सण असल्यासारखं होतं. मी सोडतो म्हणालो तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी विचारलं, "अय्या, तुम्ही ओढता?" अठरा वर्षं त्या समोर राहतात.

माझ्या तीन ठरलेल्या होत्या. पहिली सकाळी चहा, पेपर आणि आंघोळ उरकल्यावर मागच्या गॅलरीत. दुसरी दुपारी जेवणानंतर, तिथेच. तिसरी संध्याकाळी पाच वाजता कोपऱ्यावरच्या गल्ल्यावर. पानटपरीला सुरतेत गल्ला म्हणतात. बत्तीस वर्षं मी लिंबायतमधल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं आणि त्या काळात चौथी सिगरेट फार तर कुणाच्या लग्नात ओढली असेल. बायको होती तेव्हा मी गॅलरीत गेलो की ती आतून दार ओढून घ्यायची. कडी लावायची नाही. रागही नसायचा. धूर आत येऊ नये एवढंच. तिला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून दार उघडंच राहतं आणि धूर त्याला वाटेल तिकडे जातो.

तंबाखूशी माझा सरकारी संबंधही आला आहे. शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीची शपथ असायची. मांडव, बॅनर, पुष्पगुच्छ, सगळं. एका वर्षी प्रमुख पाहुणे गालात मावा धरूनच व्यासपीठावर चढले. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र चोळलेला ऐवज. इथल्या निम्म्या गालांत तो भाडेकरूसारखा कायम राहतो. भाषण करायचं तर थुंकायला हवं आणि व्यासपीठावर फुलदाणीशिवाय दुसरं भांडं नव्हतं. पाहुण्यांनी माइकसमोर उभं राहून क्षणभर डोळे मिटले, काहीतरी गिळलं, आणि दोन मिनिटांत भाषण संपवलं. त्या शाळेत झालेलं ते सर्वांत चांगलं भाषण. नंतर मुलांना शपथ मी दिली. माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा त्या दिवसाची तिसरी होती.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मुलीचा पुण्याहून फोन आला. तिला चौथा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, त्यामुळे ती येणार हे मी धरूनच चाललो होतो. बातमी ऐकल्याबरोबर मनातल्या मनात पलंग कुठे सरकवायचा तेही ठरवून टाकलं.

"पप्पा, सासूबाई म्हणतात इथेच करू," ती म्हणाली. "आई नाही, तर तिकडे जाऊन करणार काय, असं त्यांचं."

"माहेर काय फक्त आईचं असतं?"



"तसं नाही हो. पण तुम्ही एकटे. तुम्हाला चहाच्या पुढे काही येत नाही."

"आत्याला बोलवू. ती अमळनेरहून एका पायावर येईल."

"आत्या येईल. पण पप्पा, सिगरेट."

"तीन तर असतात."

"मग सोडायला काय जातंय?"

बत्तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारून मी पोट भरलं. आता प्रश्न माझ्यावर आला होता.

"पडद्यांना वास आहे," ती पुढे म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट ती माझी समजूत काढत असावी तसा होता. "गादीला आहे. तुमच्या शर्टांना आहे. त्यात मी बाळाला कशी झोपवू, तुम्हीच सांगा. सातव्यात एकदा येऊन बघते, मग ठरवू."

म्हणजे तपासणी. मी शाळेत अनेक तपासण्या पाहिल्या आहेत. तपासणीच्या आदल्या आठवड्यात भिंती धुवायच्या, तक्ते लावायचे, हजेरीपट जुळवायचे. या तपासणीला मात्र मला खरंच पास व्हायचं होतं. लग्न होऊन ती गेली तेव्हा घरात दोघं उरलो. बायको गेल्यावर एक. मुलगी वर्षातून दोनदा येते, एक रात्र राहते आणि जाताना फ्रिज पुसून जाते. बाळंतपणाला आली तर तीन महिने घरात माणसं असतील, दोरीवर दुपटी असतील, कुणीतरी माझ्यावर ओरडेल. नाही आली तर पुढच्या वेळी येण्याचं कारणही उरणार नाही, हे मला कळत होतं.

रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मी महापालिकेच्या दवाखान्यात जातो. तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या कागदावर लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "किती ओढता?"

"तीन."

"पाकिटं?"

"सिगरेटी."

आता त्यांनी मान वर केली. "उठल्यावर पहिली किती वेळाने?"

"चहा, पेपर, आंघोळ. दीड-दोन तास जातात."

"डोळे उघडल्याबरोबर हात जात नाही ना? मग अवघड नाही काका. सोडून द्या. औषध कशाला?" आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मला थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं.

पण बाई बरोबर होत्या, निदान दोन-तृतीयांश. सकाळची आणि दुपारची सिगरेट इतक्या सहज सुटली की मलाच लाज वाटली. एवढी वर्षं ज्यांना मी माझी सवय समजत होतो, त्या दोघी निरोपही न घेता गेल्या. तिसरी जाईना. पाच वाजले की पाय चपलेत जायचे. आज नुसतं बसून येऊ असं ठरवून खाली उतरायचो आणि गल्लावाला मला पाहून काही न विचारता एक काढून पुढे ठेवायचा.

गल्ल्याशेजारी एक बाकडं आहे. मागच्या गल्लीत लूमचं खातं आहे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला इथे खातं म्हणतात. त्या खात्यातला एक कारीगर पाच वाजता विडी प्यायला बाहेर येतो आणि त्या बाकड्यावर बसतो. पन्नाशीचा, शिरपूरकडचा, उंच आणि वाकलेला. लूमच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तो शेजारच्या माणसाशीही पलीकडच्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं बोलतो. मी सिगरेट पेटवायचो, तो विडी. मग दहा मिनिटं आम्ही बोलायचो. त्याच्या गावाची बस, इथलं पाणी, पेपरात आलेली एखादी थाप, कुणाच्या तरी जावयाची गंमत. बोलण्याच्या नादात त्याची विडी सारखी विझायची. मी काडी पेटवून पुढे करायचो. सिगरेट संपली की मी उठायचो, तो खात्यात जायचा. आम्ही एकमेकांच्या घरी कधी गेलो नव्हतो. ती दहा मिनिटं सोडली तर माझं दिवसभराचं बोलणं दूधवाल्याशी आणि बँकेच्या फोनमधल्या त्या बाईशी व्हायचं, जी फक्त आकडे दाबायला सांगते.

हे मी जावयांना सांगितलं नाही. ते कापडाच्या मशीनरीच्या प्रदर्शनासाठी सुरतेला आले होते, तसे घरी आले. मी एवढंच म्हणालो की दोन सुटल्या, एक अडली आहे. त्यांचा चेहरा उजळला. मार्केटिंगमधल्या माणसाला अडचण सांगितली की त्याला आनंद होतो. त्यांनी लॅपटॉपच्या बॅगेतून एक छोटी डबी काढून माझ्यापुढे ठेवली.

"ओपन करा, पप्पा."

आत जाडसर पेनासारखं काहीतरी होतं.

"हे काय, पेन?"

"व्हेप. ई-सिगरेट. धूर नाही, राख नाही, वास नाही. टोटल क्लीन."

"यावर आपल्याकडे बंदी आहे ना?"

"विकायला आहे. आपण थोडीच विकतोय? मित्राने दुबईहून आणलं." असं म्हणताना त्यांनी आवाज मात्र खाली आणला, आणि घरात आम्ही दोघंच होतो.

मी नागरिकशास्त्र शिकवत असे. बंदी असलेली वस्तू माझ्या दिवाणखान्यातल्या टीपॉयवर, नातीच्या किंवा नातवाच्या बापाच्या हातून आली होती. पण जावई बोलायला लागले होते. हार्म रिडक्शन. ट्रान्झिशन. ज्यांना एकदम झेपत नाही त्यांच्यासाठी. "तुमची जर्नी" असं ते चार वेळा म्हणाले. माझी जर्नी गॅलरीपासून गल्ल्यापर्यंत होती आणि तीही आता फक्त गल्ल्यापुरती उरली होती. मधेच मी विचारलं, "एका सिगरेटीसाठी एवढं लागतं?"

"सेफ साइडला असलेलं बरं ना. सातव्या महिन्यात ती येणार आहे, पप्पा. रिस्क कशाला?"

शेवटच्या वाक्यापुढे मी हात टेकले. चार्जिंग कसं करायचं ते त्यांनी दोनदा दाखवलं, आणि चहा घेऊन गेले.

त्याला आंब्याचा स्वाद होता. हापूस असल्याचा त्याचा दावा होता; माझ्या मते तो आंब्याच्या गोळीचा होता. पहिल्या दिवशी पाच वाजता मी खाली गेलो नाही, आरामखुर्चीत बसून ते ओढलं. जमलं. तल्लफ आली नाही. गल्ल्यावर जाऊन मोहात पडायचं कशाला, असा विचार करून दुसऱ्या दिवशीही घरीच बसलो.

गोम अशी की ते संपत नाही. सिगरेट आपली आपण संपते. बोटांपर्यंत आली की माणसाला उठावं लागतं. हे पेन कधी सुरू झालं आणि कधी थांबलं याचा पत्ता लागत नाही. पुस्तक वाचताना दोन पानांमागे एक झुरका, मग पानामागे एक. गॅलरीत जायची गरज नाही कारण धूर नाही. खाली जायची गरज नाही कारण ते खिशात आहे. दार ओढून घेणारं घरात कुणी नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी भाजी चिरताना ते तोंडात धरलं होतं. आठव्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा डोळे नीट उघडायच्या आत हात उशीजवळ ते चाचपत होता. मला दवाखान्यातला तो प्रश्न आठवला. एवढ्या वर्षांत जे झालं नव्हतं ते आठवड्यात झालं होतं. बाईंच्या हिशेबाने मी आता खरा व्यसनी होतो आणि तोही सिगरेट सोडताना झालेला.

चार्जिंगची वायर आखूड होती आणि आमच्या दिवाणखान्यातला प्लग खाली, जमिनीलगत. एका दुपारी बॅटरी संपली तेव्हा मी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघत राहिलो. एस.टी.ची वाट बघतात तसा. समोर टीव्ही बंद होता आणि त्याच्या काचेत एक म्हातारा भिंतीला टेकून बसलेला दिसत होता. तीन दिवसांत मी कुणाशीही एक वाक्य बोललो नव्हतो. दूधवालाही हल्ली पिशवी दाराला अडकवून जात होता.

बाराव्या दिवशी खात्याला सुट्टी होती. दुपारी चारच्या सुमाराला दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी तळहाताने बडवलं. उघडलं तर कारीगर. धुतलेला शर्ट, केसांना तेल.

"काय मास्तर, बरं शे ना?"

माझ्याशी तो एरवी शाळेतली मराठी बोलायचा, मी मास्तर म्हणून. अहिराणी त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली.

"बरा आहे. या की आत."

"बारा दिवस झाले. गल्लावाला म्हणे, गावाला गेले असतील. मी म्हटलं, मास्तरला कुठलं आलंय गाव? त्याच्याकडून घर विचारलं, म्हटलं जाऊन दार वाजवू. उघडलं तर ठीक."

"आणि नसतं उघडलं तर?"

"तर चार माणसं बोलावली असती," तो म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला. समोरच्या वहिनींनी दार किलकिलं करून पाहिलं.

तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. नाक वर करून त्याने दोनदा वास घेतला. "आंबे आणले का? या दिवसात?"

मी खिशातून पेन काढून दाखवलं. काय आहे, कशासाठी आहे, कुणी दिलं, सगळं सांगितलं. मुलीचं सांगितलं. सातव्या महिन्याचं सांगितलं. तो पेन हातात घेऊन उलटसुलट करून बघत होता, लूमवरचं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा बघावा तसा.

"किती सिगरेटी सोडायच्या होत्या?"

"तीन होत्या. दोन सुटल्या. ही पाचची राहिली."

"एका सिगरेटीला एवढं मशीन?" त्याने ते टीपॉयवर ठेवलं. "आमच्या शेठला सांगू नका, तो हप्त्यावर घेईल."

"ओढून तर बघा."

"नको. मी पीत नाही."

मला हसू आलं. "मग रोज पाच वाजता काय करता?"

"विडी धरतो."

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मग त्याने सांगितलं. सात वर्षांपूर्वी त्याला क्षय झाला होता. सहा महिने गोळ्या चालल्या, डॉक्टरने विडी बंद करायला सांगितली, त्याने केली. पुन्हा कामावर गेला. "पहिल्या दिवशी बसलो बारा तास आत. दुसऱ्या दिवशी बसलो. खात्यात चहा आत येतो, मास्तर. पाणी आत. डबा आत. विडी तेवढी आत चालत नाही, सूत आहे, पेटून जाईल. म्हणून विडीवाल्याला बाहेर सोडतात. तो परत येईपर्यंत बाजूचा त्याची मशीनं बघतो, आला की हा त्याची बघतो. जुनी रीत आहे. न पिणाऱ्याला कोण सोडणार? मी उठलो तर मुकादम म्हणे, तुला बाहेर काय काम?"

"मग?"

"मग तिसऱ्या दिवशी कानाला विडी लावली आणि उठलो. कुणी काही बोललं नाही. पेटवायची, तोंडातल्या तोंडात एक फुंकर, नि बोटात धरून बसायचं. विडीचं बरं असतं, ओढली नाही की विझते. एक विडी चार दिवस जाते मला."

मी सहा-सात वर्षं त्याला काड्या पेटवून देत आलो होतो. बोलण्याच्या नादात विझते म्हणून. स्वतःला मी बारकाईने बघणारा माणूस समजतो. पाहुण्यांच्या गालातला मावा मला शेवटच्या रांगेतून दिसला होता.

"सांगितलं नाहीत कधी."

"तुम्ही कुठे विचारलं? आणि तुमचंही तसंच दिसायचं. सिगरेट संपली रे संपली की उठता. मला वाटायचं, यांनाही सुट्टी तेवढीच असेल."

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आहेत. मला कुणी मुकादम नाही. मी उठायचो कारण मला वाटायचं, त्याला जायचं असेल. तो उठायचा कारण मी उठलो. दोन माणसं एकमेकांच्या धुराकडे बघून वेळ ठरवत होती आणि त्यातला एक धूर खोटा होता.

मी चहा केला. तो त्याने बशीतून घेतला. जाताना दारात म्हणाला, "उद्या या पाचला. नाही प्यायले तर गल्लावाला काही उठवत नाही."

पेन मी त्याच संध्याकाळी कपाटाच्या वरच्या खणात टाकलं. पुढचे चार दिवस वाईट गेले. डोकं जड, झोप उडालेली, पेपरवाल्याशी विनाकारण भांडलो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझ्या सकाळ-दुपारच्या सिगरेटींनी सुटताना एवढा त्रास कधी दिला नव्हता. तो त्रास सगळा त्या आंब्याचा होता. ज्यांच्या छातीत दिवसाला दोन पाकिटं जातात त्यांना अशा यंत्राचा उपयोग होत असेल किंवा नसेल, मला ठाऊक नाही, ते डॉक्टरांनी ठरवावं. माझ्यासारख्याला त्याची गरज नव्हती. मला पाच वाजता खाली उतरायला निमित्त हवं होतं, आणि जावयांनी प्रेमाने मला असं काहीतरी दिलं होतं की खाली उतरायचं निमित्तच राहू नये.

दुसऱ्या दिवशी पाचला गेलो. गल्लावाल्याने सवयीने सिगरेट पुढे केली. मी नको म्हणालो तेव्हा त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं पाहिलं. मग मी खारे शेंगदाणे घेतले, कारण हातांचं काय करायचं ते कळेना. कारीगर आला, विझलेली विडी पेटवली, धरली. आधी मला लाजल्यासारखं झालं, दोघांनाही झालं. गुपित कळलेल्या माणसाशेजारी बसणं सोपं नसतं. मग त्याने पुडीत हात घालून शेंगदाणे घेतले आणि मुकादमाच्या मेहुण्याची एक भानगड सांगायला लागला. शेंगदाणे संपले तरी मी उठलो नाही. त्याचा जोडीदार गल्लीच्या तोंडाशी येऊन शिटी वाजवेपर्यंत तोही उठला नाही.

जावयांना फोन करून सांगितलं की तुमचं यंत्र परत न्या, लागत नाही. "म्हणजे जर्नी कम्प्लीट?" ते म्हणाले. मी हो म्हणालो. माणूस वाईट नाही.

मग तपासणीची तयारी. पडदे धुतले. गादी पिंजून घेतली. गॅलरीच्या भिंतीला रंग दिला, माझ्या हाताने, त्यामुळे तो जमिनीलाही लागला. माझे सगळे शर्ट एकदा गरम पाण्यातून काढले. बायकोच्या साड्या लोखंडी कपाटात तशाच होत्या. त्यांनाही वास लागला असेल म्हणून त्या गठ्ठ्याने लॉन्ड्रीत दिल्या. इस्त्री होऊन, स्टार्च लागून, जुन्या पेपरात गुंडाळून आल्या. मला समाधान वाटलं. इतकं पक्कं काम मी शाळेच्या तपासणीसाठीही केलं नव्हतं.

सातव्या महिन्यात मुलगी आली. जावई तिला सोडून कामाला गेले. ती खोल्याखोल्यांतून फिरली, जड पावलांनी, एक हात कमरेवर. पडदा नाकाशी धरला. उशी धरली. माझ्या खांद्यापाशी येऊन शर्टाचाही वास घेतला, लहानपणी घ्यायची तसा, फक्त तेव्हा कारण वेगळं असायचं.

"नाही," ती म्हणाली. "खरंच सोडलीत?"

"अडीच महिने झाले."

तिने माझा हात दाबला. मग आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. मी गेलो तर ती पलंगावर बसली होती. मांडीवर आईची एक साडी, घडी न मोडलेली, कागदासारखी कडक. तिने ती नाकाशी नेली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"या तुम्ही धुवायला दिल्यात?"

"धुराचा वास असेल म्हणून."

"नव्हता पप्पा. या कपाटात नव्हता." तिने तिसरी उचलली नाही. "मी आले की दर वेळी बघायचे. थोडासा राहिला होता अजून आईचा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने साड्या पुन्हा पेपरात गुंडाळल्या, कोपरे नीट दुमडले, आणि जागच्या जागी ठेवल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन दोघांसाठी खिचडी टाकली. मला चहाच्या पुढे काही येत नाही हे तिला माहीत होतं.

जेवताना ती म्हणाली, "दवाखाना पुण्यातच ठेवू, पप्पा. तिथली डॉक्टर आता ओळखीची झाली आहे. सासूबाईही आहेत." आणि माझ्याकडे न बघता, "मग सव्वा महिन्यानंतर येते. पंधरा दिवस. बाळाला घेऊन."

"बरं," मी म्हणालो.

"खरंच येते."

"हो. पलंग कुठे हवा तुला?"

तिने खिडकीकडची भिंत दाखवली. ऊन येतं म्हणून. ती गेल्यावर त्याच दिवशी मी पलंग तिकडे सरकवला. एकट्याने सरकवताना त्याचा एक पाय फरशीवर ओरखडा काढून गेला.

आता अमळनेरच्या बहिणीशी रोज फोनवर बोलतो. ती अळिवाचे लाडू सांगते आहे. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, फुगले की खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचे. "दादा, एवढ्या लवकर कशाला करतोस? बाळ व्हायला दोन महिने, यायला आणखी सव्वा," ती म्हणते. मी सांगतो, सराव. पहिला घाणा कढईलाच राहिला. दुसऱ्याचे वळले जाईनात, चमच्याने खावे लागले. तिसऱ्याचे बरे झाले, अकरा लाडू, थोडे वाकडे. ते चार दिवसांच्या वर टिकत नाहीत असं बहीण म्हणते, म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक खातो. त्याने बाळंतिणीची कंबर भरून येते म्हणे. माझी यायला हरकत नाही.